शेवटचा भारा

रविवारी दुपारी एक वाजता मालिकेचा तो भाग पुन्हा लागला, आणि लडकूचा प्रसंग मध्येच कापलेला निघाला.

सापगावच्या घरात टीव्हीसमोर तिघी होत्या. लडकूची बायको बाईजा, सून माधुरी आणि शेजारची काशी. गेल्या कार्तिकात शूटिंगवाले याच घरामागच्या खाचरात आले होते. त्यांना भाताचा भारा बांधणारा म्हातारा हवा होता. लडकू चैत्रात गेला. मालिका लागली ती पावसाळ्यात.

पहिल्या वेळी तो बराच वेळ दिसला होता. पाठमोरा, वाकलेला, भाऱ्याखालून बंध ओढून घेणारा. आज त्याने भाऱ्यावर गुडघा टेकला, आणि लगेच मालिकेतली सासू भांडी लावताना दिसू लागली.

"झाला?" बाईजाने विचारले.

"पेपरवाल्यांचं ऐकलं असंल," माधुरी म्हणाली. नवऱ्याने, हरेशने, शहापूरहून आणलेला अंक तिने कोनाड्यातून काढला आणि परीक्षण वाचून दाखवले. 'अभिनय संयत आहे, पण मालिका पुढे सरकत नाही. सासू भांडी लावते. सासरा चष्मा शोधतो. शेतात एक पाठमोरा म्हातारा भारा बांधतो, आणि बांधतच राहतो. प्रेक्षकाने वाट पाहायची तरी कशाची?'

"हरेशचा बापूस वळायची," बाईजा म्हणाली.

काशी हसली. "तो कसला वळतोय गो! पाच टायमाला शूटिंग केला त्यांनी. दर टायमाला म्हनायचे, बाबा, भारा सोडा, परत बांधा. हा म्हनायचा, बांधलेला भारा खळ्यावरच सुटंल. घेतला नवा! शूटिंगवाले दमले, तुजा खाचर मात्र फुकटात बांधून झाला."

बाईजालाही हसू आले. "शेवटाला वळला गो."

तिने माधुरीला अनंताला फोन लावायला सांगितले. शूटिंगवाल्यांना हे घर दाखवणारा शहापूरचा पोरगा तो. माधुरीने फोन स्पीकरवर ठेवला.

"मावशी, कात्री वरून लागली," अनंता म्हणाला. "संथ हाय, संथ हाय, सगल्यांनी तेच लिवला. मी काय करनार?"

"कापलेला टाकून देतात काय रे?"

"मुंबईला असतं. कदी ठेवतात, कदी पुसतात."

"मग बगायला सांग. तो वळतो तिथपर्यंत."

"वळतात कुठं? मी पाह्यलाय, पाठच हाय."

"तू दुसरा कुठला तरी पाह्यला. शेवटचा भारा बग. मागं खाचरात कापलेला आडवा भात उरला नसंल, तो."

"बरं. आनि वळून करतात काय? शोधनाऱ्याला सांगाया लागंल."

बाईजाने पदर सारखा केला. पडद्यावर सासरा चष्मा शोधत होता. तिथे कात्री लागली नव्हती.

"काय करत नाय. बगतो."

"कोनाकडं?"

"कॅमेऱ्याच्या मागं मी उभी होते," ती म्हणाली. "पान्याचा तांब्या घेऊन."

काशीने टीव्हीचा आवाज बारीक केला.

अनंताने सोमवारी मुंबईला निरोप पोचवला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत तिकडून एवढेच कळले आहे, की पाचपैकी चार भारे सापडले, आणि चारहींच्या मागे आडवा भात आहे.