या की, पावणं!

रंकाळ्यावर माझा भाऊ झिशान जुन्या काळासारखा काचेवर फोटो काढत होता. भिंग तीन मिनिटं उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात जे हलतं, ते उमटतच नाही.

पहिलीच काच झकास उतरली! फिरायला आलेली सगळी गर्दी गायब. फक्त पलीकडच्या काठावर एक फेटेवाला म्हातारा हात वर करून हसत उभा.

समोर बघितलं, तर तो काठ रिकामा.

“आफशीन, पावणं हाक मारत्यात की!” झिशान खदखदला आणि पाण्यावरनं ओरडला, “या की चहाला, पावणं!”

मीही हसत टपरीवर गेले, मुद्दाम तीन चहा सांगितले.

तिकडं झिशान पुढच्या फोटोसाठी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरला. आतनं त्याचं खिदळणं ऐकू आलं.

“आफशीन, सरक की! गुदगुल्या करू नकोस!”