नंबर मी लिहिला

“काका, मला कधीच फिट आली नाही. मग माझ्या कागदावर मिरगीचा नंबर कुणी लिहिला?” ओळखीतल्या शेवंताचं हे पत्र अकरा महिने माझ्या एका पुस्तकात पडून होतं. उत्तर देणार कसं? तो नंबर मीच लिहिला होता.

इस्पितळात प्रत्येक निदानाला ठरलेला कोड नंबर देण्याचं माझं काम होतं. शेवंता बसचालक म्हणून रुजू होण्याआधीच्या नेहमीच्या तपासणीला आली होती. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘मिरगी नाही ना, हे पाहणे.’ सगळं ठीक निघालं. नुसत्या तपासणीचा नंबर द्यायचा, तिथं मी मिरगीचा दिला. त्या नंबरामुळे तिची चालकाची नोकरी गेली; आगारात गाड्या धुण्याचं काम तेवढं मिळालं.

काल ती आगारात बसची काच पुसताना दिसली. मी मान खाली घातली. तीच म्हणाली, “गाडी धुताना फिट येत नाही, काका. चालवतानाच येते म्हणे!”

घरी येऊन जुन्या साहेबांना फोन केला.

“निवृत्त झालात ना? लेखी काही देऊ नका. इस्पितळाची अब्रू जाईल.”

“तिची चालकाची नोकरी गेलीय, साहेब,” म्हणालो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याआधी फोन ठेवला.

तिला लिहिलेल्या उत्तराच्या मसुद्यात तीनदा ‘कदाचित’ आलं होतं. तिन्ही खोडली. ‘चूक माझी आहे. तुला मिरगी नाही. हे पत्र आगारप्रमुखांना दाखव. बोलावलं तर मी स्वतः येईन.’

पोस्टातल्या बाईंनी पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल, असं मी ते सांगितलं. बाईंनी पाकिटावर शिक्का मारला.