समासातलं नाव

"साहेब, तुम्ही मोजणीतले. तळ्याकाठची आमची बारा घरं दिसत्यात का बघा." म्हातारीने जुना नकाशा माझ्यापुढे पसरला.

तिथे कोरा माळ होता. कोरा म्हणूनच तो लष्कराला तोफांच्या सरावासाठी मिळाला. उठवलेल्यांना दुसरी जागा मिळाली नाही. नकाशात घरंच नव्हती. समासात मोजणीदाराचं नाव होतं, माझंच. मी त्यावर अंगठा ठेवला.

चाळीस वर्षांपूर्वी त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. वाडीतल्या सुनेने तांब्याभर ताक दिलं. ते पिऊन झाडाखाली आडवा झालो, घरं उद्या नकाशावर मांडू म्हटलं. सकाळी आमचा तंबूच पुढच्या गावाला हलला.

"नाहीत," मी म्हणालो.

"तुमचा काय दोष?" ती उठली. "मोजणारा वाडीवर आलाच नसंल. आला असता, तर ताक पाजल्याबिगर सोडला नसता."