पहिलीच वेळ

"आमच्या गोरक्षला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही," असं त्याच्या आईने मुलीच्या घरी छातीठोकपणे सांगितलं आणि अर्धं लग्न तिथेच जमलं. त्यामुळे चैतालीने पहिल्या भेटीसाठी कॉलेज रोडवरचा नवा कॉकटेल बार सुचवला, तेव्हा गोरक्षला घाम फुटला.

"माझीही पहिलीच वेळ आहे हो. जरा गंमत बघू," ती म्हणाली.

"यात दारू असते का?" असं त्याने वेटरला इतक्या भाबडेपणाने विचारलं, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. धूर सोडणारे, वर कसलीशी हिरवी काडी खोवलेले दोन ग्लास आले. कडू औषध घेतल्यासारखं तोंड करायचं, एक घोट घ्यायचा आणि बाकीचं तसंच ठेवायचं, हे त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. तोंडाची तयारी अगदी चोख होती. पण हाताला कोणी काही सांगितलंच नव्हतं. सातपूरच्या परमिट रूममध्ये मित्रांबरोबर बसून जडलेली सवय ती. बोट आपसूक ग्लासात बुडालं आणि पहिल्या घोटाआधी दोनदा जमिनीवर थेंब शिंपडून मोकळं झालं.

चैताली त्या बोटाकडे बघतच राहिली. गोरक्षच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली.

"ते... ग्लासात चिलट पडलं होतं," तो पुटपुटला.

"हो का?" चैतालीने शांतपणे स्वतःच्या ग्लासात बोट बुडवलं. "आमच्या ग्रुपमध्ये तीनदा शिंपडतात."