उतरायची तालीम

मिस्त्रीने खीळ ओढली, तशी खिडकीबाहेर भिंतीला पाइपासारखी चिकटलेली, आगीच्या वेळी उतरायची शिडी खडखडत उघडली आणि तिच्या पायऱ्या पार खालच्या फरशीपर्यंत एकाखाली एक पसरल्या. मिस्त्री खूश झाला. या इमारतीतलं हे एकोणिसावं घर, तरी शिडी उघडली की दर वेळी त्याला लेकरू पहिलं पाऊल टाकताना बघितल्याचा आनंद व्हायचा.

"चला ताई, आता उतरून दाखवा," तो म्हणाला.

"मी? तुम्हीच उतरा की. बसवलीत तुम्ही."

"मी उतरून काय उपयोग? आग लागेल तेव्हा मी माझ्या घरी असेन."

हा त्याचा नेहमीचा विनोद होता, आणि नियमही नेहमीचाच. ज्या घराला शिडी, त्या घरातल्या माणसाने एकदा जमिनीपर्यंत उतरायचं. त्याशिवाय तो हत्यारं गोळा करत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी तासभर हुज्जत घातली होती आणि शेवटी डोळे गच्च मिटून उतरले होते.

ताई पन्नाशीच्या होत्या. खिडकीशेजारच्या पलंगावर त्यांची आई पडून होती. कमरेखालचं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"आणि आईला कसं उतरवायचं?" ताईंनी विचारलं.

मिस्त्रीने हातातल्या सुरक्षा-पट्ट्याचं बक्कल उगाचच उघडून पुन्हा लावलं.

"मला कशाला उतरवतेस?" आई म्हणाली. "जा तू. मी काही कुठे पळून जात नाही."

ताईंनी चपला काढल्या. मिस्त्रीने त्यांच्या कमरेला पट्टा बांधला आणि त्याच्या दोराचं दुसरं टोक खिडकीच्या उघडलेल्या जाळीच्या गजाला वेढा देऊन स्वतःच्या हातात धरलं. पहिल्या तीन पायऱ्यांना ताईंचे ओठ पांढरे पडले होते. मग पायांना अंदाज आला. वकिलांच्या खिडकीशी तर त्या चक्क हसल्या. पुढच्या पायऱ्या त्यांनी अशा भराभर मागे टाकल्या की दोर सोडता सोडता मिस्त्रीची तारांबळ उडाली. खाली टेकून त्यांनी पट्टा सोडला आणि दोर ढिला पडला.

"पोचली का?"

"पोचल्या, आजी. पन्नास सेकंदसुद्धा लागले नाहीत. अख्ख्या इमारतीत पहिला नंबर!"

"शेवटी मुलगी कुणाची आहे," आई म्हणाली.

मिस्त्रीने खाली पाहिलं. ताई आता जिन्याकडे वळतील अशी त्याची समजूत होती. त्या आपल्या तळहातांकडे बघत उभ्या राहिल्या. मग अनवाणीच फाटकापर्यंत चालत गेल्या. फाटकावर हात ठेवून क्षणभर थांबल्या, आणि बाहेर पडल्या.

"निघाली का वर यायला?"

"निघाल्या," मिस्त्री म्हणाला आणि आधीच घट्ट असलेला बोल्ट पुन्हा आवळू लागला.

आईला तहान लागली. त्याने पाणी पाजायचा प्रयत्न केला. अर्धं तोंडात गेलं, अर्धं मानेवरून उशीवर. एवढ्याशा कामाला एवढं कसब लागतं हे त्याला आज कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"भिंतीवरचं घड्याळ दिसतं मला," आई म्हणाली. "फाटकाबाहेर गेली ना?"

"हो, आजी."

"कोपऱ्यावर बाग आहे. मी पडल्यापासून अकरा वर्षांत तिथे टेकली नसेल. बसू दे."

ताई आल्या तेव्हा अर्धा तास होत आला होता. पाय धुळीने भरले होते. आत येताच त्यांना आईची ओली मान दिसली. आधी ती पुसली, उशी बदलली. मग मिस्त्रीकडे न बघता त्या म्हणाल्या, "काढून टाका ती."

"काय?"

"शिडी. आत्ताच्या आत्ता."

"अहो ताई, भिंतीला आठ भोकं पाडलीत..."

"भोकं मी बुजवून घेईन. तुम्ही शिडी काढा."

"झालं काय एवढं?" आईने विचारलं.

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"आई, मी खाली पोचले आणि चालायलाच लागले. बागेत बाकावर बसले. छान वाटलं गं. आणि तू मला आठवलीच नाहीस. पाणी नाही, औषध नाही, कूस बदलायची नाही, काही म्हणजे काही आठवलं नाही. मग कुणीतरी बाई एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आली, तेव्हा कुठे..." त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. "आज नुसती तालीम होती. खरी आग असती तर?"

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाठ केली आणि दोर गुंडाळायला घेतला. आपण या घरात आलोच नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

आईने हात उचलला. तो ताईंच्या डोक्यापर्यंत पोचेना, म्हणून ताईच खाली वाकल्या.

"शिडी राहू द्या, मिस्त्री," आई म्हणाली. मग लेकीच्या केसांतून बोटं फिरवत तिने विचारलं, "नाही आठवले ना मी?"

ताईंनी 'नाही' अशी मान हलवली.

"बरं झालं. तेव्हाही आठवू नकोस."