आंबेखोलची गळती

आंबेखोल धरणाच्या अहवालात खिलारे मॅडमनी यंदाचा गळतीचा आकडा टाइप केला आणि ती ओळ लगेच लाल झाली. अहवाल आता स्वतःच गणित करून बघत असे आणि न पटलेली ओळ लाल करून मोकळा होई.

"खाली धरणाच्या पोटातल्या गॅलरीत उतरलात तरी का?" कार्यकारी अभियंता दिघावकरांनी विचारलं. "नऊ वर्षं मिनिटाला चाळीस लिटर, आणि यंदा एकदम एकशे साठ? बसल्याजागी ठोकून दिलेत."

"ठोकायचा असता तर चाळीसच ठोकला असता, सर. दोनशे दहा पायऱ्या उतरून आलेय. अहवालातलं हे तपासणीचं इंजिन नुसतं मागच्या आकड्यांशी ताडून बघतं. दुसरं एक जोडते, फुकटच आहे. आकडे मोजलेत की मनाने लिहिलेत, तेही तपासतं."

"जोडा. कळू दे एकदाचं."

खिलारे मॅडमची ओळ पुन्हा काळी झाली. वरच्या नऊ ओळी लाल झाल्या. नऊही ओळींपुढे दिघावकरांची सही होती.

त्यांनी अहवाल बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं शेवटचं वाक्यही लाल झालं : 'धरण सुरक्षित आहे.'