नाव घेणारा खड्डा

"कोंडाजीऽ" अशी धुक्यातून हाक आली आणि कोंडाजी जागीच थबकला. हाकेमागे सनई होती, ताशा होता, आणि त्या सगळ्यावर त्याच्या बायकोचा, सुंदराचा गळा.

हा मुलूख काही त्याच्या कडाव गावचा नव्हता. इथं धुकं जांभळं होतं आणि आभाळात दोन चांद होते. गावी कापणी झालेल्या शेतात तांब्याची भलीमोठी कणगी पडलेली दिसली, तेव्हा लढाईतलं एखादं विमान असेल म्हणून कोंडाजी आत जाऊन बसला. कणगी ढिम्म हलली नाही. त्याला बाहेर ओढायला सुंदरा आत शिरली, तशी कणगी जी उडाली ती थेट इथं. म्हणजे परत जायचं तर दोघांनी आत बसायला हवं. पण जिथं तिथं नाक खुपसलं नाही तर तो कोंडाजी कसला! "जरा बघून येतो," म्हणून सुंदराला कणगीपाशी ठेवून तो निघाला होता.

"कोंडाजीऽ, या ना जवळ," गाणं लाडात आलं.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पोरं हाताशी आली, पण सुंदराच्या तोंडून आपलं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईनं तिला बजावलं होतं. लग्नात तिनं उखाणा घेतला, तोही ताशांच्या दणदणाटात बुडाला. एकदा तरी ऐकावं, ही त्याची जुनी हौस. बोलून कुणाला दाखवणार?

तो पुढं गेला. समोर मोठा खड्डा होता आणि त्याच्या काठावर चपलांचा ढीग. कुठं सहा बोटांच्या, कुठं नुसत्या खुरांच्या. घालायला परत कुणी आलेलं दिसत नव्हतं. कोंडाजीनंही देवळात शिरावं तशा वहाणा काढल्या. खड्ड्यातून ऊन वाफ येत होती आणि सनईच्या सुराखाली कुणीतरी मिटक्या मारत होतं. पण पाय त्याचं ऐकेनात.

"अवो, आयकलं का?" पाठीमागून घोगरा आवाज आला. "कुटं उलथलात?"

"कोंडाजीऽ," खड्डा गायला.

"अवो, मी काय म्हनते!"

पुढं सुंदरा, मागं सुंदरा, आणि धुक्यात दिसत कुणीच नव्हतं. कोंडाजीचा अंगठा काठाच्या बाहेर गेला होता. पुढचा आवाज मधासारखा, मागचा खेकसणारा. मन पुढं धावत होतं.

आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुंदरा? आणि नाव घेईल? जीव देईल, पण नाव घ्यायची नाही!

तो गर्रकन वळला आणि "अवो"च्या दिशेनं अनवाणी पळत सुटला.

कणगीपाशी सुंदरानं त्याचा दंड असा धरला, की हात निखळतो की काय. तिचे डोळे भरले होते. "काय आयकलंत येवढं, बायकोला इसरून जायाला?"

"तूच हाक मारत हुतीस. नाव घेऊन," कोंडाजी खाली बघत म्हणाला. "लई बरं वाटलं गं."

"मला तर आपली म्हस रेकल्यागत झालं. म्हनलं, म्हशीला हितं कोन आनंल?"

कोंडाजी आत बसला, सुंदरा बाहेरच थांबली. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. परक्या आभाळाखाली सासरचं कुणी नाही ना, याची नीट खात्री केली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"कडावच्या खळ्यात भाताच्या राशी," ती पुटपुटली आणि अडली. कान लाल झाले. "को... कोंडाजीरावांचं नाव घेते... दोन चांदांपाशी."

वहाणा राहिल्याचंही कोंडाजी विसरला.

सुंदरा आत शिरली आणि कणगी उठली. खालून खड्ड्यानं तोच उखाणा उचलला. तोच गळा, तेच शब्द, कुठं न अडखळता, सनईसकट. सुंदरानं घाबरून नवऱ्याचा हात घट्ट धरला.

कोंडाजीनं वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "ती तुज्यागत लाजली कुटं?"